खालच्या खोलीत कुणी बसत नाही

११ जानेवारी

आज चहा पिताना ही एकदम म्हणाली, "आपल्या खालच्या खोलीतला रेडॉन मोजून बघू या का?"

मी कप खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काही मोजून बघण्याचा विषय हिनं कधी काढलेला नाही. मोजणं हे माझं खातं. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी गेली ती लोकांच्या तराजूंच्या बुडाला चिकटवलेलं मेण आणि लोहचुंबक शोधून काढण्यात. ही मात्र चहात साखरसुद्धा अंदाजानं घालते. तीच बाई आज मला सांगत होती की रेडॉन नावाचा वायू जमिनीतल्या दगडांतून निघतो, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो, बंद खोलीत साठत जातो, आणि वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेला तर फुप्फुसांना कॅन्सरचा धोका असतो. सगळं न अडखळता सांगितलं. कुणीतरी पढवल्यासारखं.

कुणी सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाली, शेजारच्यांनी. त्यांनी म्हणे मोजायचं यंत्रही दिलंय. लगेच उठून कपाटातून एक पांढरी डबी काढून आणली, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, वर आकडे दिसायला छोटा पडदा.

शेजारच्यांना आम्ही घरात भोंगा म्हणतो, कारण गल्लीत कुणी नवी बादली आणली तरी ती बातमी त्यांच्यामार्फत सगळीकडे जाते. या गृहस्थांनी आमची शिडी नेली ती अजून परत केलेली नाही. ते मला यंत्र फुकट देतील? मनात शंकेची पाल चुकचुकली.

आणि वस्तू तरी कसली. रंग नाही, वास नाही, चव नाही, पण घालवायला खर्च मात्र येतो. असा माल विकणारे मी नोकरीत बरेच पाहिले.

१२ जानेवारी

सकाळी कुंपणापाशी भोंग्याला गाठलं. यंत्राबद्दल आभार मानतो असं दाखवून विचारलं, कुठून आणलंत? गृहस्थ गोंधळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "हो हो, मीच दिलं. ते गॅसचं ना?"

गॅसचं ना! स्वतः दिलेल्या यंत्राचं नाव माणसाला ठाऊक नाही. कंपनी कुठली म्हटलं तर चांगली आहे म्हणाले. एरवी विचारलं नसताना तासभर बोलणारा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून आत निघून गेला. कुठेतरी पाणी मुरतंय. बहुधा यंत्र फुकट द्यायचं, आकडा मोठा दाखवायचा, मग दुरुस्तीवाला पाठवायचा आणि त्याच्याकडून आपला वाटा घ्यायचा, असा डाव असावा.

यंत्र ठेवून बघणार आहे. चोर पकडायचा तर त्याचा तराजू आधी नीट वापरून पाहावा लागतो.

१५ जानेवारी

आमचं घर उतारावर आहे. पुढून बैठं दिसतं, मागून पाहिलं तर खाली एक खोली आहे, अर्धी जमिनीत गेलेली. स्वयंपाकघरामागच्या जिन्यानं तिथे उतरता येतं. ही चिरंजीवांची अभ्यासाची खोली. आता तिथे माझ्या पितळी वजनांच्या पेट्या आहेत, एक टेबल, एक खुर्ची, आणि इंटरनेटचा डबा. तो डबाही चिरंजीवांनीच लावलेला. वर हलवायचा तर कारागीर बोलवावा लागेल, आणि तो घरभर नजर फिरवून जाईल, म्हणून राहू दिलाय.

चिरंजीवांची सायकलही तिथेच दोरीवरून सोडलेल्या जुन्या चादरीमागे उभी आहे. चादर अपुरी आहे, खालून निम्मी चाकं दिसतात. दर महिन्याच्या सुरुवातीला मी चाकांत हवा भरतो. हवा नसली की रबर चिरतं आणि मग विकताना भाव येत नाही, एवढंच कारण.

खोलीला वर छताशी एक झरोका आहे, वहीएवढा. तो बाहेर बरोबर माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीखाली उघडतो. जेवण झालं की मी त्या खुर्चीत पेपर घेऊन बसतो, ही आतल्या खोलीत दार लावून झोपते. निवृत्त झाल्यापासून मी सहसा घर सोडत नाही. घरावर नजर राहते आणि हिलाही सोबत होते.

यंत्र तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं. आज आकडा सहाशे दहा. एकक बेकरेल. सोबतच्या पत्रकात लिहिलंय की शंभराच्या आत असावा आणि तीनशेच्या वर जाऊ देऊ नये. मी हिला आकडा सांगितला तेव्हा ही खाली बसली. मी म्हटलं, अगं, यंत्र भोंग्याचं आहे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

१९ जानेवारी

यंत्राची परीक्षा घेतली. झोपायच्या खोलीत पासष्ट दाखवतं. व्हरांड्यात वीसच्याही खाली. परत खालच्या खोलीत नेलं की सहाशेच्या घरात. म्हणजे यंत्र जागा ओळखतं. एक तर ते प्रामाणिक आहे, नाहीतर फार हुशारीनं लबाड बनवलेलं आहे.

मी स्वतः एक मोजणीवाला शोधला, मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे भोंग्याशी त्याचं साटंलोटं असणार नाही. ही विचारत होती, लवकर येईल ना? हिला एवढी घाई कशाची, कळत नाही.

२२ जानेवारी

मोजणीवाला येऊन गेला. चाळिशीचा, शांत, पायांत आवाज न करणारे बूट. आवाज न करणारे बूट मला कधीच आवडले नाहीत. त्यानं स्वतःची दोन यंत्रं दोन दिवस लावून ठेवली होती. मी त्यांची प्रमाणपत्रं मागितली, तारखा पाहिल्या, शिक्के पाहिले. सगळं बरोबर होतं. आकडा सहाशे चाळीस.

मग तो म्हणाला, आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे या खोलीत माणूस किती वेळ असतो. रोज किती वेळ बसणं होतं?

"खालच्या खोलीत कुणी बसत नाही," मी म्हणालो.

ही तेव्हा चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ट्रेमधले कप वाजले. त्यानं हिलाही विचारलं, बाई, तुम्ही? ही म्हणाली, कधीमधी. मी सांगितलं, वर्षातून दोनदा, साफसफाईला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर उशी होती, उशीला धुतलेला अभ्रा होता. खोली छान ठेवली आहे, एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, हिला स्वच्छतेचं वेड आहे.

त्याचं म्हणणं असं. कुणी बसत नसेल तर आत्ताच खर्चात पडू नका. रोज सकाळी दार आणि झरोका उघडा ठेवा, आकडा बघत राहा. पण कुणी रोज तास दोन तास बसणार असेल, तर दुरुस्ती करायलाच हवी. फरशीला एक भोक पाडायचं, त्यातून पाइप काढून थेट छपराच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा लावायचा. तो पंखा फरशीखालची हवा ओढून बाहेर टाकतो, म्हणजे वायू घरात शिरायच्या आधीच निघून जातो. भेगा बुजवायच्या. पंखा कायम चालू ठेवायचा.

विकायला आलेला माणूस घेऊ नका म्हणतो, तेव्हा तो सर्वांत धोकादायक. घोडं कुठे पेंड खातंय ते अजून सापडलेलं नाही.

जाता जाता मी त्याला आणखी एक गोष्ट विचारली. दुपारी व्हरांड्यात बसलो की खालून कधीकधी कुजबुजल्यासारखा बारीक आवाज येतो, इतकी वर्षं मी तो नळांचा समजत होतो. तो या वायूचा असू शकेल का? त्यानं सांगितलं, रेडॉनला आवाज नसतो. हे सांगताना त्यानं हिच्याकडे का पाहिलं, कोण जाणे. ही ट्रेकडे बघत होती.

नंतर ही माझ्यामागे लागली. पंखा बसवून घ्या. मी म्हटलं, कुणासाठी? सायकलीसाठी? यावर हिनं कप आवरायला घेतले. पण हिचा चेहरा उतरला होता. मोजणीवाल्यानं हिला माझ्या नकळत काही सांगून ठेवलंय की काय, याची मला शंका येते.

२४ जानेवारी

सायकलीचा विषय निघाला म्हणून लिहून ठेवतो. चिरंजीव घर सोडून गेले त्याला चार वर्षं झाली. कारण एवढंच की त्यांना नवी नोकरी लागली आणि मी त्या कंपनीत गिऱ्हाईक म्हणून फोन करून विचारलं की या नावाचा माणूस तुमच्याकडे खरंच कामाला आहे का. आहे म्हणाले. मला बरं वाटलं. पण ते त्यांच्या कानावर गेलं. जेवायच्या टेबलावरून उठून म्हणाले, "तुम्ही मलासुद्धा तराजूत घातलंत," आणि आठवड्याभरात गेले. दुसऱ्या शहरात आहेत, एवढं माहीत आहे.

मी चौकशी केली. चौकशी करणं म्हणजे अविश्वास नव्हे. हिला तेव्हाच बजावलं होतं, फोन करायचा तर त्यानं करावा, माझ्या घरातून कुणी करणार नाही. ही हो म्हणाली होती. त्याबाबतीत हिनं मला कधी त्रास दिला नाही.

२८ जानेवारी

रोज सकाळी झरोका आणि दार उघडतो. जेवणाआधी आकडा दीडशेपर्यंत उतरतो. दिवेलागणीला बघावं तर चारशे, साडेचारशे. वायू दुपारी कामावर येतो की काय? मोजणीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, दुपारनंतर झरोका बंद होत असेल. मी उघडलेला झरोका कसा बंद होईल? माझ्यावरच उलटा प्रश्न टाकून मोकळा झाला.

ही मात्र मी झरोका उघडायला लागल्यापासून जरा बेचैन दिसते. काल म्हणत होती, तुम्ही दुपारी आत बसा ना, व्हरांड्यात गार वारा लागतो. चार वर्षांत हिला माझ्या गार वाऱ्याची आठवण झाली नव्हती.

३० जानेवारी

सापडलं. दिवेलागणीची वाट न बघता अचानक खाली गेलो तर झरोक्यात माझा जुना तपकिरी स्वेटर कोंबलेला. नुसता कोंबलेला नाही, चार घड्या घालून बरोबर बसवलेला.

आता सगळं स्वच्छ झालं. कुणीतरी दुपारी खाली शिरतं, झरोका बुजवतं आणि आकडा फुगवतं, म्हणजे मी घाबरून पंखा घेईन. मेण आणि लोहचुंबकाच्याच जातीचा हा प्रकार. मागच्या अंगणातून खालच्या खोलीला एक दार आहे, त्याची किल्ली मोजणीवाल्यानं काम करताना मागून घेतली होती. भोंग्याला तर कुंपण ओलांडणं काहीच कठीण नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, उंदीर असेल. मी म्हटलं, अगं, स्वेटरची घडी घालणारा उंदीर मला दाखव, मी त्याला खात्यात चिकटवतो. हिला हसू आलं नाही.

१ फेब्रुवारी

सायकलीत हवा भरली.

मागच्या दाराला खालच्या बाजूला एक काळा दोरा लावून ठेवला होता. दोरा जागच्या जागी. पण स्वेटर पुन्हा झरोक्यात. म्हणजे चोर मागच्या दारानं येत नाही. मग येतो कुठून? घरातून? घरात मी आणि ही, आणि ही झोपलेली असते.

भोंग्याकडे आमच्या स्वयंपाकघराची किल्ली असेल का, हे हिला विचारायचं राहिलं. परवा स्वतः दबा धरून बसणार.

३ फेब्रुवारी

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जेवण झाल्यावर नेहमीसारखा व्हरांड्यात गेलो. पेपर उघडून खुर्चीत ठेवला, खुर्चीसमोर चपला काढल्या, म्हणजे येणाऱ्याला वाटावं की मी इथेच कुठेतरी आहे. ही ताटं आवरत होती. तिला चुकवून अनवाणी जिना उतरलो आणि चादरीमागे सायकलीशेजारी उभा राहिलो. फरशी बर्फासारखी गार होती. हातात पितळी वजन घेतलं होतं, धाक दाखवायला.

जिन्यावर पावलं वाजली. दिवा लागला. चादर जुनी, विरलेली, त्यामुळे पलीकडचं धूसर दिसत होतं. आली ती ही.

मला वाटलं, हिलाही चोराचा संशय आला असेल. पण हिनं स्टूल ओढलं, वर चढली, स्वेटरची घडी घातली आणि झरोक्यात बसवली. रोजचं काम असावं तशी. मग खुर्चीत बसली, फोन टेबलावर ठेवला आणि बोटानं काहीतरी केलं. घंटी वाजली.

"आई," फोनमधून आवाज आला. "आज आकडा किती?"

मी तो आवाज ओळखला. न ओळखायला काय झालं.

ही म्हणाली, काल संध्याकाळी चारशे होता. तो म्हणाला, मी कितीदा सांगू, तू खाली बसत जाऊ नकोस, यंत्र मी एवढ्यासाठीच पाठवलं, आमच्या घरात रेडॉन निघाला तेव्हा मला पहिल्यांदा तुझी ती खोली आठवली. ही म्हणाली, मग कुठे बसू, वर तुझे बाबा असतात. कधी घराबाहेर पडत नाहीत. झरोका उघडा ठेवला तर त्यांच्या खुर्चीपर्यंत सगळं ऐकू जातं.

तो म्हणाला, "मग पंखा बसेपर्यंत काही दिवस आपण बोलणं बंद ठेवू."

"ते नाही जमायचं," ही म्हणाली. "रोज एवढा तासभर बसल्यानं माझ्या छातीचं काय व्हायचं ते होऊ दे. चार वर्षं हा तास आहे म्हणून मी उरलेला दिवस काढते. तो मागू नकोस."

वजन खाली ठेवावंसं वाटत होतं, पण आवाज झाला असता.

मग त्यानं विचारलं, बाबा माझ्याबद्दल कधी विचारतात?

ही बोलायला लागली आणि मध्येच थांबली. फरशीवर काही पडलं असावं तशी खाली बघत राहिली. त्यानं दोनदा हाक मारली. मला वाटलं, लाइन गेली. मग हिचा आवाज आला, जरा निराळा, जरा मोठा.

"विचारत नाहीत. पण तुझ्या सायकलीत दर महिन्याला हवा भरतात. अजून चाकं टणक आहेत. एवढं करणारा माणूस विसरलेला नसतो रे."

मग ही त्याला म्हणाली, फरशी गार असते, अनवाणी उभं राहू नये, या वयात गुडघे धरतात. चौतीस वर्षांच्या माणसाला हे कशाला सांगायचं? पण आया अशाच असतात. मग म्हणाली, आज लवकर ठेवते, वर जाऊन चहा टाकते. उठली. झरोक्यातला स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि जिना चढून गेली. दिवा तसाच ठेवून गेली. एरवी दिवा राहिला की मला बोलते.

मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. निघालो तर जिन्याच्या पायथ्याशी माझ्या चपला. मी त्या व्हरांड्यात काढल्या होत्या अशी माझी समजूत होती. घाईत विसरलो असेन.

वर चहा तयार होता. दोघांनी प्यायला.

४ फेब्रुवारी

दुपारी व्हरांड्यात बसलो. थोड्या वेळानं खालून तो आवाज सुरू झाला, मी चार वर्षं नळांचा समजत आलो तो. पेपरातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. सहाशे चाळीस हा आकडा तेवढा डोळ्यांसमोर होता. ही तिथे बसली होती तेव्हा मी वर खुर्चीत बसून घराची राखण करत होतो.

मला तिचा राग आला आहे का, हे मी दिवसभर शोधतो आहे. थोडा आहे. घरातल्या घरात माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, मीसुद्धा निरीक्षक होतो. पण त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी आहे, ते मोठं आहे आणि त्याची मला भीती वाटते. ही नसली तर माझं काय, हा विचार आज पहिल्यांदा मनात आला.

५ फेब्रुवारी

मोजणीवाल्याला फोन केला. म्हटलं, पंखा बसवा, लवकरात लवकर.

त्यानं विचारलं, "कुणी बसायला लागलं का तिथे?"

"बसतं."

"किती वेळ?"

"रोज तासभर. चार वर्षं."

मला वाटलं, आता हा मला बोलणार. पण तो एवढंच म्हणाला की एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला, घाबरण्याचं कारण नाही, दिवसाला एखादा तास म्हणजे तिथेच राहण्यासारखं नव्हे. पण आजपासून कुणाला तिथे बसू देऊ नका, परवा येतो. माणूस कदाचित बरा असेल. बूट मात्र मला अजून आवडत नाहीत.

आजपासून बसू देऊ नका. पण सांगू कसं? तिथे बसू नकोस म्हटलं तर मला कसं कळलं ते सांगावं लागेल. चादरीमागे उभा होतो हे तोंडानं कबूल करणं मला जमणार नाही, आणि ऐकलं हे कळल्यावर हिची मान खाली गेली तर ते मला बघवणार नाही.

म्हणून जेवताना जाहीर केलं की डॉक्टरांनी मला रोज दुपारी फिरायला सांगितलंय. मी डॉक्टरांकडे वर्षभरात गेलेलो नाही. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, घर सोडून? मी म्हटलं, हो, तासभर. वरच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेव, घरात हवा खेळती राहिली पाहिजे, आणि तू बैठकीत बसत जा, तिथे उजेड चांगला आहे.

हिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी मागितला नव्हता.

१० फेब्रुवारी

पंखा बसला. फरशीला भोक पाडताना खोलीभर धूळ झाली. मी सायकल आधीच वर आणून ठेवली होती. पाइप मागच्या भिंतीवरून छपरापर्यंत गेला आहे. अगदी कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते. मोजणीवाल्यानं भेगा बुजवून दिल्या. आज आकडा अठ्ठेचाळीस. मोजणीवाल्याच्या यंत्रावर आणि माझ्या यंत्रावरही. म्हणजे चिरंजीवांच्या यंत्रावर.

भोंग्यानं कुंपणावरून विचारलं, कसला पाइप? मी म्हटलं, तुम्हीच दिलेल्या यंत्राची कृपा. गृहस्थ हो हो म्हणाले. हिनं त्याला सामील करून घेतलं आणि त्यानं चक्क गुपित राखलं. शिडी मी आता मागणार नाही.

फिरणं फार कठीण आहे. कुठे जायचं तेच कळत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर बाक आहे, तिथे बसतो आणि त्याच्या तराजूकडे बघतो. रोज येऊन तराजूकडे बघणाऱ्या माणसाचा दुकानदाराला संशय आला आणि आज त्यानं मला विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, वेळ घालवतोय. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बरोबरच आहे, मलाही पटलं नसतं.

घरी परततो तेव्हा ही खिडकीत असते. डोळे कधी लाल, पण चेहरा मोकळा. पूर्वी मी हे झोपेचं समजत असे.

हिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. छाती स्वच्छ आहे. पुढे लक्ष ठेवू म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी हिचा हात धरला. पायऱ्या गुळगुळीत होत्या.

१७ फेब्रुवारी

आज बाकावर बसून पेपर उघडला तर खिशात चष्मा नाही. चष्म्याशिवाय तासभर काढणं अशक्य, तराजूचा काटाही दिसत नाही. म्हणून अर्ध्यातून घरी आलो. दारातच थांबावं असं वाटलं, पण दार उघडं होतं.

बैठकीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. ही टेबलाशी बसलेली, पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला, आणि फोनच्या अगदी पुढे माझा चष्मा. मला वाटलं, ही झटकन फोन पालथा घालेल. मी त्यासाठी दुसरीकडे बघण्याच्या बेतात होतो. पण हिनं फोनला हातही लावला नाही.

"चष्मा ना?" ही म्हणाली. "हा काय इथे. या."

चष्मा घ्यायला टेबलापर्यंत जावं लागलं. फोनच्या पडद्यावर काहीतरी माणसासारखं हललं आणि थांबलं. मी चष्मा घातला. तेव्हा दिसलं की त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. त्याच्या आईचेही त्याच वयात झाले होते.

मी उभाच. ही तांब्याकडे बघत राहिली. मला जे येतं तेच बोललो.

"तुझ्याकडचा आकडा किती?"

"आधी चारशे वीस होता, बाबा," तो म्हणाला. "पंखा बसवला. आता साठ."

"एकाच यंत्रावर विश्वास ठेवू नये. ताडून पाहिलंस का?"

"दोन घेतली होती. एकमेकांशी जुळली, मग एक तुमच्याकडे पाठवलं."

दोन घेतली होती. माझाच मुलगा.

"माहीत आहे," मी म्हणालो.

तो दचकला. ही दचकली नाही, हिचं लक्ष नसावं. हिनं शेजारची खुर्ची मागे ओढली आणि मी बसलो. मग त्यानं सायकलीचं विचारलं. मी सांगितलं की वर आणून ठेवली आहे, मागच्या चाकाची ट्यूब एकदा बदलावी लागेल, ती तू आलास की तूच बदल, मला वाकता येत नाही. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळते का बघतो. मी म्हटलं, सुट्टी मिळाली की कळव, मी कंपनीत फोन करून विचारणार नाही. यावर तो हसला, आणि ही उठून चहा टाकायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आज फिरणं झालं नाही. उद्याही कदाचित होणार नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. निघताना चष्मा मी शर्टाच्या खिशात ठेवला होता, मला पक्कं आठवतं. दारात शर्टाची कॉलर नीट करायला ही जवळ आली होती, त्यापलीकडे माझ्याजवळ कुणी आलेलंच नाही. मग चष्मा टेबलावर गेला कसा, याचा तपास लावायचा आहे.